खोलीचे तापमान

गेल्या मे महिन्यात आम्हां दोघांवर एक समीक्षा लिहिण्याची पाळी आली. समीक्षा पुस्तकाची नव्हती. संगणकाचा प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या एका द्रवशीतन यंत्रणेची होती. आम्ही यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी, एकाच महाविद्यालयाच्या मराठी विभागात, गेली अठरा-वीस वर्षे शिकवीत आहोत. आमच्यापैकी एकीचा अभ्यासविषय भाषाविज्ञान, एकाचा मध्ययुगीन वाङ्मय. भौतिकशास्त्राशी दोघांचाही संबंध दहावीलाच सुटला. तरीही महाविद्यालयाच्या खरेदी समितीच्या कागदावर 'तांत्रिक अभिप्राय' या रकान्याखाली आमच्याच सह्या आहेत. त्या सह्या करण्यापूर्वीच्या पंधरवड्यात जे घडले, ते लिहून ठेवावेसे वाटते. यंत्राची परीक्षा करता करता आमच्या स्वतःच्या व्यवसायातली एक जुनी चूक आमच्या हाती लागली, हे त्याचे कारण.

विभागाने तीन वर्षांपूर्वी एक काम अंगावर घेतले होते. महाविद्यालयाचे सगळे वार्षिकांक, विद्यार्थ्यांचे लघुप्रबंध आणि विभागातल्या एका दिवंगत सरांनी खेडोपाडी फिरून उतरवून घेतलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या वह्या, हे सारे वाळवीच्या तावडीतून सोडवून संगणकात उतरवायचे. १९७३ साली यवतमाळला ग. दि. माडगूळकरांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन भरले होते. त्या वर्षीच्या अंकात आमच्या विद्यार्थ्यांनी लिहिलेले वृत्तान्त आहेत. असे अंक बाजारात मिळत नाहीत. आमच्या कपाटात एकेक प्रत उरली आहे आणि तिचेही कोपरे हातात घेताच तुटतात.

वह्यांची नुसती चित्रे घ्यायची होती. छापील पानांच्या चित्रांतून मात्र अक्षरे ओळखून घेण्यासाठी आम्ही टेसरॅक्ट ही प्रणाली वापरतो. ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीत १९८० च्या दशकात तिची सुरुवात झाली आणि २००५ साली ती सर्वांसाठी मुक्त झाली. मराठी ती बऱ्यापैकी वाचते, पण वाचताना प्रोसेसरला घाम फोडते. एकेक अंक दीडदोनशे पानांचा. असे दहा-बारा अंक लावून दिले की यंत्राचे सर्व गाभे तासन्‌तास पूर्ण भाराने चालतात. आमचा प्रोसेसर इंटेलच्या बाराव्या पिढीतला आय७-१२७००. त्याची मूळ वीजमर्यादा ६५ वॉट, पण भार पडला की तो १८० वॉटपर्यंत उसळी घेऊ शकतो. त्याच्या कमाल तापमानाची मर्यादा १०० अंश सेल्सिअस. ती गाठली की तो स्वतःच आपला वेग कमी करतो. माणसाने उन्हात चालताना पाऊल आवरते घ्यावे, तसा.

आमची विभागाची खोली वरच्या मजल्यावर, पश्चिमेच्या भिंतीला, स्लॅबखाली आहे. जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४४-४५ ला जातो हे नवीन नाही. कुलूप लावून ठेवलेली खोली दुपारी उघडली की तोंडावर वाफ येते. त्यात महाविद्यालयापासून हाकेच्या अंतरावर एक जिनिंग आहे. हंगामात कापसाचे बारीक तंतू खिडकीतून येतात, फुफाट्यात मिसळतात आणि पंखा असलेल्या प्रत्येक वस्तूत जाऊन बसतात. मेच्या दुसऱ्या आठवड्यात संगणक कूर्मगतीने चालू लागला. तीन तासांचे काम पाच तासांवर गेले, आणि एके दुपारी १९७३ च्या अंकाच्या मध्यावर तो आपोआप बंद पडला. झाकण उघडले तेव्हा प्रोसेसरसोबत आलेल्या छोट्या शीतकाच्या पात्यांवर धुळीचा आणि कापसाचा चक्क नमदा जमलेला होता. तो काढला तेव्हा यंत्र सुरू झाले, पण दुपारच्या भाराखाली पुन्हा शंभराला टेकले.

तेव्हा नवा शीतक घ्यावा असे ठरले. प्राचार्यांनी नियमाप्रमाणे तीन दरपत्रके आणि तांत्रिक अभिप्राय मागितला. संगणक प्रयोगशाळेचे सर परीक्षेच्या कामावर बाहेरगावी. यंत्र मराठी विभागाचे. म्हणून अभिप्रायही मराठी विभागानेच द्यावा, असा न्याय झाला.

*

आमचा एक माजी विद्यार्थी यवतमाळला संगणकाचे दुकान चालवतो. त्याने मोठ्या प्रेमाने दोन शीतक पंधरा दिवसांच्या बोलीवर वापरायला दिले. एक हवेचा: धातूच्या नळ्यांवर पातळ पत्र्यांचा मनोरा आणि त्याला एक पंखा, किंमत अडीच हजारांच्या आसपास. दुसरा द्रवाचा, साडेसात हजारांचा. दुसरा हातात देताना तो म्हणाला, "मॅडम, हे पाण्याचं हाये. मे महिन्यात बी काही टेन्शन नाही."

या वाक्यातल्या 'पाण्याचं' या शब्दाने आम्हांला पुढचे चार दिवस चकवले. दोष त्याचा नव्हे. दोष वऱ्हाडात वाढलेल्या आमच्या कानाचा. आमच्याकडे पाणी आणि पंखा एकत्र आले की त्याचा अर्थ एकच: कूलर. मार्च लागला की ताट्या बदलायच्या, टाकी घासायची, मोटर चालते का पाहायचे, हा आमचा ऋतुसंस्कार आहे. जुन्या कचेऱ्यांच्या दारांना वाळ्याचे पडदे असत आणि त्यांवर पाणी शिंपडले जाई. घरोघरी माठ असे. या सर्वांत पाण्याचे काम उडून जाण्याचे आहे. पाण्याची वाफ होताना ते भोवतालची उष्णता ओढून घेते. एक लिटर पाणी एका अंशाने तापवायला सुमारे ४.२ किलोज्यूल उष्णता लागते, पण तेच एक लिटर उडून जाताना सुमारे २,४०० किलोज्यूल घेऊन जाते. विदर्भाची हवा उन्हाळ्यात कोरडी असते म्हणून पाणी झपाट्याने उडते, आणि म्हणूनच आमचा कूलर ४४ अंशांच्या हवेतून राहण्याजोगी हवा काढतो. मुंबईच्या दमट हवेत तो एवढा उपयोगी पडत नाही.

प्रोसेसरच्या द्रवशीतन यंत्रणेत यातले काहीच घडत नाही. प्रोसेसरच्या पाठीवर तांब्याची एक चौकोनी शीतपट्टिका बसते. दोघांच्या मध्ये उष्णतावाहक लेपाचा पातळ थर. पट्टिकेच्या आत अतिशय बारीक चरे असतात आणि त्यांतून पाणी व ग्लायकॉल यांचे मिश्रण एक चिमुकला पंप फिरवतो. तापलेला द्रव रबरी नळीतून रेडिएटरकडे जातो, तिथे दोन पंखे त्याच्यातली उष्णता हवेत सोडतात, आणि निवालेला द्रव परत येतो. सारे बंदिस्त, थेंबही उडत नाही. द्रव वापरण्याचे कारण इतकेच, की समान घनफळाची तुलना केली तर पाणी हवेपेक्षा सुमारे साडेतीन हजार पट उष्णता सामावून घेते. लहानशा जागेतली धग उचलून मोठ्या पृष्ठभागावर पसरवायला ते उत्तम वाहन आहे.

पण ते वाहनच आहे. ही यंत्रणा गारवा निर्माण करीत नाही. उष्णता एका जागेहून दुसऱ्या जागी नेते. ती दुसरी जागा म्हणजे खोली. खोली ४१ अंशांवर असेल, तर जगातला कोणताही असा शीतक प्रोसेसरला ४१ च्या खाली आणू शकत नाही. 'शीतन' हा शब्द या ठिकाणी जवळजवळ दिशाभूल करणारा आहे; 'उष्णतावहन' म्हटले असते तर आमच्या अपेक्षा आपोआप जागेवर आल्या असत्या. भाषाविज्ञानाच्या माणसाने हे उशिरा ओळखावे याची आम्हांला थोडी लाज वाटली.

मग असे यंत्र बनवलेच का, हा प्रश्न साहजिक आहे. त्याचे उत्तर मोठ्या संगणकांच्या इतिहासात सापडते. आयबीएमच्या १९८० सालच्या ३०८१ या संगणकात पाणी खेळवलेले होते. १९८५ चा क्रे-२ तर एका विद्युतरोधक द्रवात बुडवूनच ठेवलेला असे. जिथे हजारो प्रोसेसर एका कपाटात दाटीवाटीने बसतात, तिथे हवेला आत शिरायला जागाच नसते. महाराष्ट्राला ही कथा परकी नाही. १९८० च्या दशकात भारताला हवा असलेला प्रगत क्रे संगणक अमेरिकेने नाकारला, त्यानंतर १९८८ साली पुण्यात सी-डॅक स्थापन झाली आणि १९९१ साली 'परम ८०००' उभा राहिला. त्या कामाचे नेतृत्व करणारे विजय भटकर हे आमच्याच वऱ्हाडातले, अकोला जिल्ह्यातील मुरंबा गावचे. पुढे २०१८ साली पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत 'प्रत्यूष' कार्यान्वित झाला, तो नेमका क्रे कंपनीच्याच घराण्यातला होता, आणि त्याच्या कपाटांत द्रवशीतन होते. २०१९ साली पुण्याच्याच आयसर संस्थेत बसवलेल्या 'परम ब्रह्म'मध्ये पाणी थेट प्रोसेसरच्या पाठीपर्यंत नेलेले आहे. मान्सूनचे अंदाज वर्तवण्यासाठी जी यंत्रे दिवसरात्र राबतात, त्यांना पाणी लागते. कापूस पेरण्यासाठी त्या अंदाजाकडे डोळे लावून बसलेल्या जिल्ह्यात राहून हे वाचताना आम्ही काही क्षण थांबलो.

आमच्या टेबलावर मात्र एकच प्रोसेसर होता, आणि भोवती हवेला भरपूर जागा.

*

आता परीक्षेकडे येतो. आम्ही दोघांनी कामाची वाटणी केली. एकीने सकाळी साडेसहाला, वर्ग सुरू होण्यापूर्वी, द्रवाचा शीतक बसवून तीन अंक लावले. एकाने दुपारी दोन वाजता हवेचा शीतक बसवून तेच तीन अंक लावले. प्रोसेसरचे तापमान दर पाच मिनिटांनी वहीत उतरवले. निकाल डोळ्यांत भरणारा होता: द्रवाचा ७१ अंशांवर स्थिरावला, हवेचा ८९ वर. अठरा अंशांचा फरक! आम्ही त्याच संध्याकाळी अभिप्रायाचा कच्चा खर्डा लिहिला. त्यात 'निर्विवाद श्रेष्ठत्व' असा शब्दप्रयोग होता, हे आज कबूल केलेले बरे.

आमच्या मतावर आणखी एका गोष्टीचा परिणाम झाला होता, तेही सांगितले पाहिजे. द्रवाचा शीतक दिसायला देखणा होता. त्याच्या पंख्यांतून निळा-जांभळा प्रकाश झिरपत असे. शेजारी पत्र्याचा मनोरा एखाद्या खेड्यातल्या पिठाच्या गिरणीसारखा दिसे. देखणे मुखपृष्ठ, गुळगुळीत कागद आणि मलपृष्ठावर मोठ्या नावाचा अभिप्राय असलेला कवितासंग्रह हातात घेताना समीक्षकाचे जे होते, तेच आमचे झाले होते.

खर्डा वाचायला आम्ही रसायनशास्त्राच्या मॅडमना दिला, कारण तापमापक त्यांच्याच प्रयोगशाळेतून आणायचा राहिला होता. त्यांनी तो वाचला, चष्मा काढला आणि विचारले, "खोलीचं तापमान किती होतं हो?"

आम्ही ते लिहिलेले नव्हते.

दुसऱ्या दिवसापासून तापमापक घेऊन पुन्हा सुरुवात केली. सकाळी साडेसहाला खोली ३१ वर असे; दुपारी दोनला ४१ वर. म्हणजे आमच्या अठरा अंशांपैकी दहा अंश सूर्याचे होते. दोन्ही शीतक एकाच वेळी, एकाच भाराखाली तपासल्यावर चित्र स्पष्ट झाले. सुमारे १३० वॉटच्या भाराला हवेचा शीतक प्रोसेसरला खोलीपेक्षा ४८ अंश वर ठेवी, द्रवाचा ४० अंश वर. खरा फरक आठ अंशांचा. तो लहान नाही. पण निर्विवाद श्रेष्ठत्वाचाही नाही.

संगणकविषयक परीक्षणे लिहिणारे गंभीर लोक नेहमी हा फरकच देतात, किंवा निदान खोलीचे तापमान नमूद करतात, हे आम्हांला नंतर कळले. बहुतेकांची खोली २१ ते २५ अंशांची असते. तिथे प्रोसेसर ७० वर राहिला असे वाचून यवतमाळच्या माणसाने यंत्र विकत घेतले, तर मे महिन्यात तेच यंत्र ८६-९० दाखवणार. यात कोणी कोणाला फसवलेले नसते. फक्त एक आकडा सांगितलेला असतो आणि त्याच्या पायाखालचा आकडा सांगितलेला नसतो.

मग आम्ही हुरूप येऊन इतर गोष्टीही तपासल्या. खोलीतला कूलर सुरू केला तेव्हा खोली ३२ वर आली, आणि साधा हवेचा शीतक असूनही प्रोसेसर ८० वर उतरला. म्हणजे दारातल्या ताट्यांनी जे केले ते साडेसात हजारांच्या यंत्राने केलेल्याहून थोडे अधिकच होते. पण कूलर पाणी पितो. प्रोसेसरची एका तासाची उष्णता न्यायला खरे तर पाव लिटरहूनही कमी पाणी उडावे लागते. बाकीचे सारे स्लॅबची आणि भिंतींची धग निवविण्यात जाते. दुपारभरात टाकी दोनदा भरावी लागे. आम्हां दोघांना २०१८ चा उन्हाळा आठवतो. निळोणा आणि चापडोह आटले होते, यवतमाळ शहरात टँकरमागे रांगा लागत होत्या, आणि घरोघरचे कूलर कोरडे पडले होते. यंत्राला थंड ठेवण्यासाठी पिण्याजोगे पाणी हवेत उडवणे आम्हांला प्रशस्त वाटले नाही. त्यापेक्षा त्या बंदिस्त नळीतला मूठभर द्रव अधिक नीतिमान होता, हे त्याच्या बाजूने नोंदवले पाहिजे.

त्याच्या बाजूचे आणखी दोन मुद्दे: तो उष्णता पेटीच्या आत न सोडता थेट कडेला नेतो, आणि पूर्ण भाराखालीही त्याचे पंखे हवेच्या शीतकापेक्षा कमी आवाज करीत होते. विरुद्ध बाजूचे मुद्दे अधिक होते. हवेच्या शीतकात हलणारी वस्तू एकच, पंखा; तो बिघडला तर काही शे रुपयांत कुठेही मिळतो. द्रवाच्या शीतकात पंप आहे. तो थांबला तर द्रव जागच्या जागी तापतो आणि प्रोसेसर लगेच मर्यादेला भिडतो; आणि पंप स्वतंत्र बदलता येत नाही, सारे बिऱ्हाडच बदलावे लागते. रबरी नळीतून वर्षानुवर्षे द्रव अगदी सूक्ष्म प्रमाणात झिरपत राहतो, आत हवेचा बुडबुडा तयार होतो. म्हणून रेडिएटरचे वरचे टोक पंपापेक्षा उंच ठेवावे लागते, नाहीतर तो बुडबुडा पंपातच घर करतो. रेडिएटरच्या दाट जाळीत कापसाचे तंतू मनोऱ्याच्या पात्यांपेक्षा लवकर अडकतात आणि काढायला अवघड जातात. आठच दिवसांत त्याची चुणूक दिसली. शिवाय हमीच्या काळात यंत्र बिघडले तर ते घेऊन दीडशे किलोमीटरवर नागपूरला जायचे.

शेवटी एक बिनपैशाचा उपाय निघाला. संगणकाच्या मूळ मांडणीत जाऊन आम्ही प्रोसेसरची वीजमर्यादा ६५ वॉटवर बांधून टाकली. तीन तासांचे काम चार तासांवर गेले, पण हवेच्या शीतकाखाली भर दुपारीही यंत्र सत्तरीच्या आत राहिले. चाळीस-पन्नास वर्षे कपाटात पडून राहिलेल्या अंकांना आणखी एका तासाची घाई नव्हती. घाई आम्हांला होती.

*

हे सारे इथेच संपायला हरकत नव्हती. पण 'खोलीचं तापमान किती होतं?' हा प्रश्न आमच्यापैकी एकीच्या मनातून जाईना. त्याच आठवड्यात लघुप्रबंधांचा गठ्ठा चित्रांकनासाठी काढला होता आणि त्यात एक बांधणी ओळखीची निघाली.

चार वर्षांपूर्वी एम.ए.च्या पहिल्या वर्षाला एका तांड्यावरची मुलगी होती. तिने आजीकडून ऐकलेल्या बंजारा गीतांवर साठ पानांचा प्रबंध लिहिला होता. आम्ही दोघांनी तो तपासला. गुण दिले शंभरपैकी ४४. शेवटच्या पानावर लाल शाईत आमचा शेरा आहे: 'विषय चांगला. भाषा प्रमाण नाही. विवेचनात शिस्त हवी.' खाली दोघांच्या सह्या. दुसऱ्या वर्षाला तिने प्रवेश घेतला नाही. त्याचे कारण आमचा शेरा होता असे म्हणण्याइतका पुरावा आमच्याकडे नाही. घरची ओढाताण होती, लग्नाची बोलणी चालू होती असेही कानावर आले होते. पण शेरा आमचा होता, एवढे खरे.

प्रबंध पुन्हा वाचला. भाषा खरोखरच ठिकठिकाणी प्रमाण नाही. विवेचनात उड्या आहेत. पण आजीच्या गीतातल्या गोरमाटी शब्दांची तिने केलेली यादी, प्रत्येक शब्दापुढे तो शब्द कोणत्या कामाच्या वेळी वापरला जातो याची नोंद, एकाच गीताची दोन तांड्यांतली दोन रूपे आणि त्यांतल्या फरकाबद्दलचा तिचा तर्क, हे सारे कुणी शिकवलेले नव्हते. घरी तिची पहिली भाषा मराठी नाही. कापसाची वेचणी संपवून रात्री ती लिहीत असे, हे तिने प्रास्ताविकात एका ओळीत सांगितलेही होते. ती ओळ आम्ही तेव्हा 'अनावश्यक वैयक्तिक तपशील' म्हणून अधोरेखित केली होती.

खोलीचे तापमान तिने स्वतः नोंदवून दिले होते. आम्ही ते खोडले होते.

आम्हांला अधिक टोचले ते हे, की या प्रश्नाचा सिद्धान्त आम्हांला ठाऊक नव्हता असे नाही. मर्ढेकरांचे 'सौंदर्य आणि साहित्य' आणि शरणकुमार लिंबाळे यांचे १९९६ चे 'दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र' ही दोन टोके आम्ही दरवर्षी फळ्यावर मांडतो. साहित्यकृतीचे निकष तिच्या आतून यावेत की ती जिथून आली त्या जगण्यातून, या वादावर आम्ही प्रश्नपत्रिका काढतो, उत्तरे तपासतो, त्यांना गुण देतो. आणि लाल पेन हातात घेतल्यावर खोली २५ अंशांची आहे असे गृहीत धरतो.

इथे उपमा फार ताणू नये, हेही आम्हांला कळते. यंत्राच्या बाबतीत खोलीचे तापमान वजा करता येते. माणसाच्या बाबतीत अशी वजाबाकी करणारे आपण कोण? तांड्याचे अमुक, वेचणीचे तमुक असे अंश कापून गुण देणे ही दयेची दुसरी तऱ्हा झाली, आणि ती तिला अपमानास्पदच वाटली असती. शिवाय यंत्रानेच शिकवलेली एक गोष्ट उलट दिशेची आहे. शीतकाची योग्यता फरकावरून ठरते हे खरे, पण प्रोसेसर वेग कमी करतो तो १०० अंशांवर; त्या वेळी खोली किती तापली होती याची तो चौकशी करीत नाही. विद्यापीठाची परीक्षा, सेट-नेटची परीक्षा, नोकरीची मुलाखत, ही सारी त्या शंभर अंशांसारखी आहेत. तिथे प्रमाण भाषा लागते, आणि ती लागणार नाही असे विद्यार्थ्याला भासवणे हा अप्रामाणिकपणा होय.

म्हणून आम्हांला वाटते, दोन्ही आकडे लिहावे लागतात. मर्यादा कुठे आहे हा एक. आणि माणूस कुठून निघून तिथपर्यंत आला हा दुसरा. आमच्या शेऱ्यात पहिला होता, दुसरा नव्हता. तेवढ्याने तो शेरा खोटा ठरत नाही, अपुरा ठरतो. आणि अपुरा शेरा सही करून दिला की तो खोट्यासारखेच काम करतो.

*

अभिप्राय आम्ही नव्याने लिहिला. द्रवशीतन यंत्रणा चांगली आहे, आठ अंशांनी सरस आहे, शांत आहे. परंतु एका प्रोसेसरसाठी, या खोलीत, या धुळीत आणि दुरुस्तीच्या या अंतरावर तिची आवश्यकता नाही. हवेचा शीतक घ्यावा, वीजमर्यादा ६५ वॉटवर ठेवावी, महिन्यातून एकदा पाती झाडावीत, जड काम रात्री लावावे. तक्त्यात 'खोलीचे तापमान' असा एक रकाना वाढवला. लेखापालांनी तो पाहून विचारले, की खरेदीच्या तक्त्यात हा रकाना कशासाठी? आम्ही म्हणालो, असू द्या.

माजी विद्यार्थ्याने द्रवाचा शीतक हसत परत घेतला. १९७३ चा अंक पुरा झाला.

प्रबंधाची संगणकीय प्रत आणि एक पत्र आम्ही त्या मुलीला पाठवले. पत्र लिहायला आम्हां दोघांना दोन संध्याकाळी लागल्या. आमचा जुना शेरा कुठे चुकला ते लिहिले, गीतांच्या यादीत आम्हांला काय मोलाचे वाटले ते लिहिले, भाषेबद्दलचा आक्षेप कुठे अजूनही कायम आहे तेही लिहिले, आणि दुसऱ्या वर्षाचे प्रवेश जूनमध्ये सुरू होतात हे कळवले. माफीचा शब्द लिहिला, खोडला, पुन्हा लिहिला.

तिसऱ्या दिवशी फोनवर तिचा दोन ओळींचा निरोप आला. सर, मॅडम, प्रत मिळाली. बावीस नंबरचे पान उलटे आले आहे, आणि शब्दांच्या यादीतला सातवा शब्द मीच चुकीचा लिहिला होता, आजीला विचारून नवीन कळवते.

प्रवेशाबद्दल त्यात काही नव्हते. आम्ही बावीस नंबरचे पान सरळ करून पुन्हा चित्रित केले. यादीतली सातवी ओळ तेवढी सोडून ठेवली आहे.